गुलाब म्हात्रेचे हात

गुलाब म्हात्रे मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं माझे राजमे उचलून दिले, आणि त्याबद्दल बिचारीला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी कुठूनही सुरू करते. मला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला. जीभ तर आठवड्याभरात पूर्ववत झाली. सूनबाईचं म्हणणं, पहिल्यापेक्षा जास्त चालायला लागली. पण उजवा हात काही केल्या जागा होईना. पाहुण्यासारखा नुसता मांडीवर बसून राहायचा. मग डॉक्टरांनी नवीन पनवेलमधल्या एका सेंटरला पाठवलं. खाली चष्म्याचं दुकान, वर एक मोठा हॉल, हॉलमध्ये चार टेबलं आणि पडदे. बाहेर पाटी: ऑक्युपेशनल थेरपी. हे नाव न अडखळता म्हणता येईपर्यंतच माझे दोन आठवडे गेले. फिजिओथेरपी मला माहीत होती, तिथे हातपाय हलवून घेतात. इथे त्या हललेल्या हाताला कामाला लावतात. बटण लावणं, कंगवा फिरवणं, कपातून चहा पिणं, असली जन्मभर न विचारता केलेली कामं पुन्हा बालवाडीपासून.

पहिल्या दिवशी माझ्यापुढे एक परात आणि एक वाटी ठेवली. परातीत राजमे. एकेक दाणा उजव्या हातानं उचलून वाटीत टाकायचा. मी एक उचलला, तो निसटला. दुसरा टेबलाखाली गेला. तिसऱ्याच्या मागे लागले तर मला घाम फुटला. तेवढ्यात निळा ॲप्रन घातलेली एक धष्टपुष्ट बाई आली, खाली बसली, टेबलाखालचे दाणे गोळा केले, परातीतले राहिलेले एका मुठीत उचलले, वाटी काठोकाठ भरली आणि मला म्हणाली, "झाला बघा, मावशी! बसा आता निवांत."

मला वाटलं, काय चांगलं सेंटर आहे!

तर पडद्यामागून सेंटरच्या मुख्य सामंत मॅडम आल्या. वय असेल बत्तीस. बारीक चणीच्या, आवाज हळू, पण त्या हळू आवाजाची सगळ्यांना धास्ती.

"गुलाबताई, इथे पेशंट कोण आहे?"

"ह्या मावशी."

"मग राजमे कोणी उचलले?"

गुलाबनं वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पन मॅडम, त्यांना जमत नव्हता ना!"

"म्हणूनच त्या इथे आल्यात."

मॅडमनी वाटी पुन्हा परातीत उपडी केली. गुलाबचा चेहरा असा झाला, जसा कोणी तिनं रचलेला विटांचा ढीग ढकलून दिलाय.

ही गुलाब तिथे शिकायला होती. थेरपी असिस्टंटचा कोर्स. मॅडम पेशंटला काय करायचं ते ठरवणार आणि ही मुलं ते पेशंटकडून करून घेणार. बरोबरच्या मुली विशीतल्या, कानात वायरी घालून येणाऱ्या. गुलाब त्रेचाळीस वर्षांची. करंजाडेजवळच्या गावातली. शेती गेली, त्या शेतीवर इमारतींचे सेक्टर उभे राहिले, नवऱ्याचे डंपर फिरतात, राहायला तीन मजली घर. पोटासाठी काम करायची तिला काही गरज नव्हती. "मंग टीव्ही बघत बसू काय?" एवढंच ती सांगायची, आणि बरेच दिवस मला तेच खरं वाटलं.

हातांबद्दल सांगते, कारण गुलाब म्हणजे हात. मोठे, रुंद, तळवे लालसर. पाव्हण्यानं पाणी मागायच्या आधी तांब्या समोर, पान संपायच्या आधी भाकरी पानात, पोर रडायच्या आधी कडेवर. गावात लग्न निघालं की तांदळाच्या भाकऱ्यांना पहिला निरोप तिला जायचा. ती स्वतःच सांगायची, "आमच्यात पावन्यानं आपला ताट उचलला ना, तर त्या घराची लाज गेली." आणि तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, दिवसातून दहादा: "हात दिल्यात ते कशाला?" ह्या बाईला कोर्समध्ये शिकवत होते काय, तर समोरचा माणूस बटणाशी झगडत असताना नुसतं बघत उभं राहायचं. माशाला म्हणायचं पोहू नकोस, तसलं ते.

तिला एक जर्नल लिहावं लागे. त्यात दोन रकाने: 'मदतनिसाने काय केले' आणि 'पेशंटने काय केले'. एकदा माझी घरभेट तिच्याकडे आली. म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन बघायचं, की तो कुठे अडखळेल, कुठलं फडताळ उंच आहे, बाथरूममध्ये कुठे पकडायला दांडी हवी, आणि ते लिहून आणायचं. गुलाब टेप घेऊन आली. चपला काढल्या, टेप टीव्हीवर ठेवली ती तिथेच राहिली. ती थेट स्वयंपाकघरात. वरचे डबे खाली, खालचे वर, मोरीतला चिकटा काथ्यानं घासून काढला, सिंकमधली भांडी विसळली, चहा केला आणि माझ्या डाव्या हातात कप दिला. डाव्या! कारण उजव्यात धरवत नव्हता.

सूनबाई ऑफिसातून आली ती दारातच थबकली. तिला वाटलं चुकीच्या घरात शिरली.

"ह्या कोण?"

"माझ्या थेरपीच्या," मी म्हटलं.

सूनबाईनं चकचकीत ओटा बघितला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आई, ह्यांना आठवड्यातून तीनदा नाही का बोलवता येणार?"

दुसऱ्या दिवशी सामंत मॅडमनी ते जर्नल माझ्यासमोर वाचलं. पहिला रकाना पानभर, मागच्या बाजूलाही चालू. दुसऱ्या रकान्यात दोन शब्द: 'चहा पिला.' आणि खाली शेरा, 'घर सुरवातीला अडचनीचा होता. आता चांगला हाय.'

मॅडमना हसू दाबताना ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "गुलाबताई, मला हा दुसरा रकाना भरलेला हवाय. पहिला कोरा आला तरी मी रागावणार नाही."

"कोरा? मंग मी आले कशाला म्हनतील ते लोक!"

पण ती नुसतीच चुकायची असं नाही हं. मला बोटं वळवायला एक निळी रबरी पुट्टी दिलेली असायची. दाबायची, ताणायची. गुलाबला त्या पुट्टीचा मनापासून तिटकारा. "हे काय मेला, ना वास ना चव!" एके दिवशी ती घरून स्टीलच्या डब्यात तांदळाच्या पिठाची उकड घेऊन आली. गरम, वाफा निघणारी. "मावशी, घाला हात."

मी घातला. काय सांगू तुम्हाला. त्या हाताला पुट्टी कळत नव्हती, उकड कळली. बोटं आत रुतली आणि झटक्यानंतर पहिल्यांदा पाचही बोटं एकदम मिटली. मी ओरडलेच. सामंत मॅडम धावत आल्या. त्यांनी बघितलं, दोनदा करून दाखवायला सांगितलं, मग विचारलं, "हे कोणाच्या डोक्यातलं?"

गुलाब फुलून गेली. आणि त्याच भरात तिनं माझ्या मुठीतला गोळा काढून घेतला, "द्या आता, मी झटक्यात थापते."

"गुलाबताई!"

गोळा परत माझ्या हातात आला.

मग परीक्षेचे दिवस आले. लेखी पेपर तिनं पाठ करून काढला. प्रात्यक्षिकाला पेशंट म्हणून मलाच बसवलं. बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या, मोठा चष्मा, मांडीवर फाइल. काम सोपं: पेशंटनं उजव्या हातानं पाण्याचा ग्लास उचलून एक घोट प्यायचा, असिस्टंटनं बसणं नीट करायचं, सूचना द्यायच्या, आणि लागेल तेवढाच आधार द्यायचा. सुरुवात झकास झाली. मी ग्लास उचलला. ओठांपासून चार बोटांवर आला आणि हात थरथरायला लागला, पाणी हिंदकळलं. माझी नजर गुलाबकडे गेली, तीच चूक झाली. तिनं खालून ग्लास धरला, मला पाणी पाजलं, अख्खा ग्लास, आणि वर ओढणीनं माझी हनुवटी पुसली.

परीक्षक बाईंनी फाइलीत काहीतरी लिहिलं.

मी परीक्षक बाईंना म्हटलं, "मला फार तहान लागली होती हो."

त्या म्हणाल्या, "आजी, तुमचे मार्क नाहीत ह्यात."

गुलाब नापास झाली. शेरा होता: 'पेशंटचे काम स्वतः केले.' तीन महिन्यांनी एकदा पुन्हा संधी होती. तेव्हाही नापास झाली तर अख्खं वर्ष पहिल्यापासून. आणि घरून दुसरं वर्ष मिळणार नव्हतं. नवऱ्यानं सरळ सांगितलं होतं, "एक वर्स दिला तुला. आता पोराचा लगीन हाय, नंतर सून येल, घर कोन बघेल?"

त्या दिवशी आम्ही दोघी चष्म्याच्या दुकानापुढच्या बाकावर बसलो होतो, मी रिक्षाची वाट बघत. गुलाब ॲप्रनची घडी घालत होती, मोडत होती. मग म्हणाली, "मावशी, मी ह्या कोर्सला का आले तुमाला ठाव हाय?"

"टीव्ही बघून कंटाळलीस म्हणून."

"नाय." ती रस्त्याकडे बघत होती. "माझ्या बापाला झटका आला होता. मिठागरावर काम केलेला मानूस. आमी चार बहिनी. आलटून पालटून म्हायेरी जायचो. एकीनं भरवायचा, एकीनं पुसायचा, एकीनं कपडं घालायचं. सहा वर्सं बापाला गलास उचलू दिला नाय. गावात आमचा नाव झाला, पोरी असाव्या तर अशा. मंग तो गेला. दोन वर्सांनी शेजारच्या आजीला घेऊन मी हितं आले, तर ह्याच मॅडम आजीच्या सुनंला सांगत होत्या, का हात वापरला नाय तर तो काम इसरतो. बापाचा डावा हात हलायचा, मावशी. पयल्या वर्साला बोटं हलायची. मी सोता बघितलेला. आनि मी काय बोलायची? राहू दे बाबा, मी हाय ना."

मी माझा उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला.

"मना वाटला, बापाचा तर गेला. निदान कोनाचा तरी हात मी परत आनीन. नि आज परत त्येच केला ना मी!"

असं म्हणून तिनं डोळे पुसले आणि मला सोललेलं केळं दिलं. केळं माझ्या पिशवीतलं होतं. बोलता बोलता तिनंच काढलं होतं आणि सोललंही होतं. आम्हा दोघींच्या ते एकदमच लक्षात आलं. मी हसू दाबलं, तिनं दाबलं नाही. रडता रडता अशी हसली, की आतला चष्मेवाला बाहेर डोकावला.

त्यानंतर तिनं हात आवरायचे उपाय सुरू केले. आधी हात मागे धरून बघितले. ते आपोआप पुढे यायचे. मग ॲप्रनच्या खिशात घातले. एक खिसा उसवला. मग तिला काय सुचलं असेल?

सोमवारी ती आली ती दोन्ही तळव्यांवर ओली मेंदी काढून. पार मनगटापर्यंत. कोपरानं दार ढकलत आत आली.

"हे काय?" सामंत मॅडम.

"मॅडम, आमच्या गावात बाईला काम सांगत नायत असा एकच तास असतो. मेंदी ओली असते तवा. सासूपन गप. म्हटला बघू या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. तो दिवस तिनं सूचना द्यायच्या आणि दुसऱ्या मुलीनं आधार द्यायचा असं ठरवून त्यांनी चालवून घेतलं. आणि काय सांगू, त्या दिवशी गुलाबला तोंड फुटलं. म्हणजे बोलायची ती आधीही, पण आता हात नाहीत म्हटल्यावर सगळं जिभेवर आलं. "मावशी, मनगट टेका. टेकलं? आता अंगठा. नाय, त्या बोटाला मधे घेऊ नका, तो आगाव हाय. घाई कोनाला हाय? रिक्षावाला थांबेल." मी कंगवा केसांतून चारदा फिरवला. भांग तिरका आला, पण माझा मी काढला. दर सोमवारी मेंदी. पहिली फिकी व्हायच्या आत दुसरी.

आता करंदीकरांना आत आणायला हवं. करंदीकर काका बँकेतून निवृत्त झालेले, डावी बाजू कमजोर झालेली, कायम पांढराशुभ्र शर्ट. बरोबर काकू. काकू म्हणजे साक्षात सेवा. काकांचं बटण त्या लावायच्या, चष्मा त्या पुसायच्या, चहावर फुंकर त्या घालायच्या; काका एखाद्या प्रश्नाला तोंड उघडायचे तोवर उत्तरही काकूंनी दिलेलं असायचं. काका सेंटरमध्ये एक तास व्यायाम करायचे आणि उरलेले तेवीस तास काकू तो पुसून टाकायच्या. मॅडमनी किती वेळा समजावलं. काकू म्हणायच्या, "अहो, मला बघवत नाही." गुलाब तेव्हा जमिनीकडे बघायची.

तर एका मेंदीच्या सोमवारी काका खुर्चीतून एकटेच उठले. पाय फरफटला, तोल गेला. गुलाब जवळ होती. तिनं मागून दोन्ही हातांनी मिठीच मारली आणि त्यांना अलगद खुर्चीत बसवलं. काकांना काही झालं नाही. शर्टाला झालं. पोटावर एक पंजा, छातीवर एक पंजा, पाची बोटं उमटलेली.

काकू रिसेप्शनवरून आल्या. "अहो! हे कोणाचे हात?"

काका एरवी मोजकंच बोलायचे. म्हणाले, "वाचलो ते बघ आधी."

गुलाब भेदरून मॅडमकडे बघत होती, की आता हाकलणार. सामंत मॅडम म्हणाल्या, "शाब्बास. हे बरोबर केलंत."

"धरला तरी?"

"पडत होते ना ते."

गुलाबनं ते मनात दोनदा घोळवलेलं मला स्पष्ट दिसलं. "म्हंजे पडताना धरायचा. चुकताना नाय."

"एवढंच आहे, गुलाबताई. एवढंच तर सांगतेय मी वर्षभर."

पुढच्या सोमवारी ती मेंदी न लावता आली.

दुसऱ्या परीक्षेला माझी वेळ नव्हती, तरी मी मुद्दाम लवकर जाऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसले. शेजारी करंदीकर काकू, कारण ह्या वेळी पेशंट काका होते. परीक्षक त्याच, मोठ्या चष्म्याच्या. काम: समोरून उघडा शर्ट अंगात घालायचा आणि बटणं लावायची. गुलाब ॲप्रन इस्त्री करून आली होती. चेहरा मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी गॅस संपलेल्या माणसासारखा.

"काका, आधी डावा हात. जो ऐकत नाय त्याला पयला घालायचा."

डावा हात बाहीत गेला. मग पाठीमागून शर्ट ओढून उजवा. काका दमले. गुलाब थांबली. पहिलं बटण लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्याला गाडी अडली. बटण काजापर्यंत यायचं आणि सटकायचं. एकदा, दोनदा, चारदा. काकांच्या कपाळावर घाम. मी खुर्चीचा हात घट्ट धरलेला. गुलाबचे दोन्ही हात पोटाशी, बोटं एकमेकांत अशी अडकवलेली, की पेरं पांढरी पडलेली. "घाई नाय, काका," एवढंच म्हणत होती.

पाचव्यांदा बटण सटकलं आणि माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

"अहो, द्या इकडे, मी..."

"काकू, बसा," गुलाब मान न वळवता म्हणाली.

काकू कसल्या बसतात! पदर खोचून निघाल्याच. गुलाब वळली, मधे आली आणि तिनं काकूंचे दोन्ही हात आपल्या त्या मोठ्या हातांत धरले. परीक्षेत पेशंटकडे पाठ! सामंत मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"सोडा मला. त्यांना त्रास होतोय, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतो," गुलाब म्हणाली. "मना लय दिसतो, काकू. मी माझ्या बापाला सहा वर्सं तरास होऊ दिला नाय. तो एक गलास न उचलता गेला. तुमी पाच मिन्टं थांबा. माझ्यासाठी थांबा हवा तर."

काकूंचे हात सुटायला धडपडत होते, गुलाबचे हात सोडत नव्हते. दोघींचे डोळे भरलेले. आम्ही सगळे त्या दोघींकडे बघतोय. काकांकडे कोणीच नाही. आणि मागून, दुसऱ्या कुणाच्या तरी कामात व्यत्यय नको अशा बेतानं, काका म्हणाले, "झालं."

वळून बघतो तर बटणं लागलेली. फक्त तिसऱ्यापासून एकेक घर खाली, शेवटच्याला घरच उरलेलं नाही. शर्टाचं एक टोक वर, एक गुडघ्याकडे निघालेलं. कॉलर मानेवर वाकडी.

परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "बटणं चुकलीत."

गुलाबनं तो शर्ट बघितला. काय झालं असेल तिच्या हातांना! पण ते अजून काकूंच्या हातांत होते.

"चुकल्यात, मॅडम," ती म्हणाली. "पन त्यांनी लावल्यात."

परीक्षक बाई खूप वेळ लिहीत बसल्या. त्यांचं पेन थांबेना तसतसा माझा जीव खालीवर. शेवटी जाताना त्यांनी सामंत मॅडमना फाइल दाखवली, तेव्हा कळलं. पेशंटकडे पाठ केली म्हणून दोन ठिकाणी मार्क कापले होते. पण तक्त्यात एक रकाना होता, 'नातेवाइकांना शिकवणे', जो म्हणे बहुतेक परीक्षार्थी कोराच ठेवतात. त्यात पैकीच्या पैकी. गुलाब पास. काठावर, पण पास.

तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नक्की? परत बघा." मग मटकन माझ्या शेजारी बसली आणि तिनं एकही गोष्ट केली नाही. मला पाणी दिलं नाही, कुणाचे डोळे पुसले नाहीत. नुसती बसून राहिली. तिला असं बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

करंदीकर काका त्याच शर्टात घरी गेले. काकूंनी जिन्यात हात पुढे केला तर म्हणाले, "हात लावायचा नाही." त्या वाकड्या शर्टात ते भाजीवाल्याशी बोलले, वॉचमनशी बोलले आणि म्हणे संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगलाही तसेच जाऊन बसले.

गुलाबला उरणच्या एका दवाखान्यात काम लागलं. नवरा गाडीनं सोडतो म्हणाला. ही म्हणाली, नको, मी बसनं जाईन. माझे फेरेही सेंटरला कमी झाले. मधे मुलाच्या लग्नाचं आमंत्रण आलं, मी आजारी होते, जाता आलं नाही. मग वर्षभर भेट नाही.

आणि एकदा पनवेलच्या बस स्टँडवर मी आणि सूनबाई पेणला निघालो होतो. सूनबाई चौकशीच्या खिडकीशी. तेवढ्यात उरणच्या सुटायला टेकलेल्या गाडीतून आरोळी आली, "मावशीऽऽ!"

खिडकीत गुलाब. निळा ॲप्रन, छातीवर नावाची पट्टी.

"हात कसा हाय?"

"जेवते त्यानं!"

"माझा नंबर बदललाय, मावशी. घ्या लिहून."

माझा मोबाइल सूनबाईच्या पर्समध्ये. मी पिशवीतून पेन काढलं, औषधाच्या जुन्या चिठ्ठीची मागची बाजू गाडीच्या पत्र्यावर डाव्या हातानं दाबून धरली आणि उजव्यानं लिहायला लागले. ती एकेक आकडा सांगायची आणि थांबायची. मी आठाचा खालचा गोल वळवेपर्यंत कंडक्टर दारात आला.

"ओ बाई, गाडी सोडायची हाय. तुमीच लिवून द्या ना त्यांना."

"नाय. त्या लिहितान."

"अहो, पण टाइम..."

"दादा, दोनच आकडे राह्यलेत. तुमची उरण काय पळून जात नाय."

खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. एक मासळीवाली म्हणाली, "लिवू दे रे त्यांना. आजी, सावकाश लिव." ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलेलं, त्यामुळे पत्रा थरथरत होता, कागद थरथरत होता, आणि माझा हात तर स्वतःच्याच तालावर थरथरत होता. नववा आकडा. मग दहावा.

तो दहावा आकडा एक आहे की सात, हे मला आजतागायत लागलेलं नाही. दोन्ही लावून बघितले. एक नंबर बंद. दुसऱ्यावर कळंबोलीचा एक टायरवाला आहे, भला माणूस. मी आता सणासुदीला त्याची चौकशी करते. सूनबाई म्हणते, सेंटरमध्ये विचारा, देतील नंबर. देतीलही. विचारीन कधीतरी.

पण गुलाबची आठवण निघाली की मला ती त्या खिडकीतच दिसते. हनुवटी दांडीवर टेकवलेली, ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्या पेनाच्या टोकावर. आणि तिच्या मागे अख्खी उरणची गाडी माझ्या दहाव्या आकड्यासाठी खोळंबलेली.